मातीचे पाईक

मुलांनो, दिवाळीत चिंचवड-चाकण भागातील मुले मातीचा किल्ला बांधतात. त्यावर मांडायच्या मातीच्या शिपायांना 'चित्रे' म्हणतात.

बाजारात गेलात, तर सगळे सरदारच घेऊ नका. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पायदळात ९ पाईकांवर १ नाईक आणि ५ नाईकांवर १ हवालदार असे. म्हणून एका नाईकामागे नऊ साधे पाईक निवडा. सर्वांची उंची सारखी असावी. नाईक, हवालदार हे हुद्दे आजच्या भारतीय सैन्यातही आहेत.

१६६० मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी चाकणचा किल्ला शायिस्तेखानाविरुद्ध ५० हून अधिक दिवस लढवला. ते एकटे लढले नाहीत. तटावर पाईक उभे होते. त्यांनाही तुमच्या किल्ल्यावर जागा द्या.

शब्दार्थ : पाईक – पायी लढणारा शिपाई, तट – किल्ल्याची भिंत.