प्रमाणशास्त्र आणि आपली मुले

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पदवीला मुख्य विषयाबरोबर मायनर विषयाचीही सोय आहे. ज्ञान, तर्क व भाषा यांचा एकत्रित अभ्यास आपल्या परंपरेला नवा नाही. आचार्य दिङ्नाग आणि धर्मकीर्ती यांनी प्रत्यक्ष व अनुमान ही दोनच प्रमाणे मानली. प्रत्यक्षात शब्द नसतो. तो मन मागाहून जोडते. डोळ्यांना माणूस दिसतो, जात दिसत नाही. अनुमानाचे कारणही पारखावे लागते. मांजर आडवे गेले म्हणून काम बिघडले, असे म्हणावे तर मांजर आडवे जाऊनही काम फत्ते झालेले दिवस असतातच! मग ते कारण टिकत नाही. जातीचा गर्व हे धर्मकीर्तींनी मूढतेचे लक्षण सांगितले. पोटापाण्याच्या शिक्षणासोबत आपण मुलांना ही पारखही देऊ या.