नदीचं नाव लेकीला

लेक झाली तेव्हा आमच्या हिंगोलीच्या घरात नावांची यादी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिलेली होती. बारशापर्यंत ती चारदा खोडली गेली. शेवटी नाव ठेवलं कयाधू. त्या बारा दिवसांत आणि नंतरच्या वर्षभरात मला जे उमगलं, ते हे.

१. रोज तोंडात असलेलं नाव आपल्याला नाव वाटतच नाही. वर्गात दुसऱ्या कुणाचं नसेल असं दोन अक्षरी नाव मी रात्र रात्र मोबाइलवर शोधत होते. आणि हिंगोलीहून नामदेवांच्या नरसीला जाताना भेटणारी नदी लहानपणापासून ओठांवर होती. ‘कयाधूला पाणी आलं’, ‘कयाधू आटली’ हे ऐकतच मी मोठी झाले. तरी यादीत ते नाव सगळ्यात शेवटी आलं.

२. नाव डोळ्यांआधी कानाला दाखवावं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. माझ्या नणंदेने अंगणात उभं राहून यादीतल्या एकेका नावाने हाक मारून पाहिली. मला आवडलेलं ‘ऋत्वी’ आमच्या तोंडी रुत्वी आणि हिंदी बोलणाऱ्या शेजारणीच्या तोंडी रित्वी झालं. ‘कयाधू’तला शेवटचा ऊ मात्र हवा तेवढा लांबवता आला, गल्लीच्या टोकापर्यंत गेला. लिहिलेल्या नावावर मी इतकी भाळले होते, की पोरीला आयुष्यभर हाका ऐकायच्या आहेत हे विसरूनच गेले होते.

३. नावाला भूतकाळ असतो, आणि तो घरातल्या थोरांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतो. सासूबाई म्हणाल्या, “राक्षसाच्या बायकोचं नाव ठेवायलाव का लेकराला?” मी गप्प झाले. माझ्यासाठी कयाधू म्हणजे फक्त नदी. ती हिरण्यकशिपूची बायको, हे मला माहीतच नव्हतं. मग त्यांनीच गोष्ट सांगितली: कयाधू पोटुशी असताना नारदाने तिला आश्रमात आसरा दिला, तिला भक्ती सांगितली आणि ती पोटातल्या प्रल्हादाने ऐकली. सांगता सांगता त्यांचा आवाज मऊ झाला. म्हणाल्या, “प्रल्हादाची माय म्हणा की मग.” मी समजावून सांगितलं असतं तर त्यांनी नाव फार तर मान्य केलं असतं. त्यांनीच सांगितल्यामुळे ते त्यांचं झालं.

४. शुद्धलेखनाचा अभिमान जपून बाळगावा. लसीच्या कार्डावर कुणीतरी ‘कयाधु’ असा ऱ्हस्व उकार दिला, आणि मी रागावले. मराठीत शब्दाच्या शेवटचा उकार दीर्घ, हे मी शाळेत घोकलेलं. पुढे भागवत पाहिलं, तर संस्कृतात मूळ नाव ‘कयाधु’ असंच ऱ्हस्व. ती चूक म्हणजे नावाचं जुनं रूप होतं. आम्ही दीर्घ ऊच ठेवला, कारण हाकेत तोच येतो. पण रागावल्याची खंत राहिली.

५. इंग्रजी स्पेलिंग पहिल्याच दिवशी ठरवावं आणि सगळीकडे तेच लिहावं. नामदेव लिहिताना कुणी शेवटी व्ही घालतं, कुणी ओ. कयाधूतल्या ‘क’ला आणि ‘या’ला इंग्रजीत एकच ए, म्हणून बाहेरगावचे तिला ‘कायाधू’ म्हणतात. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. नाव मात्र १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, म्हणून घाई नको. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच पुढे करावा लागतो. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आधी आईचं नाव येतं, मग वडलांचं. अर्ज भरताना माझंच नाव माझ्या दोन कागदांवर दोन तऱ्हांनी लिहिलेलं निघालं. लेकीच्या नावामुळे मी पहिल्यांदा माझं नाव नीट लिहिलं.

६. कागदावरचं नाव आपण देतो, घरातलं नाव घर देतं. नामदेवांचे चार मुलगे आपल्याला नारा, महादा, गोंदा आणि विठा म्हणून आठवतात. नारायण, महादेव, गोविंद, विठ्ठल ही भारदस्त नावं मागे राहिली आणि सातशे वर्षं टिकल्या त्या घरातल्या हाका. आमच्याकडेही तेच झालं. आजोबांची ती ‘कया’, आत्याची ‘धू’. आधी मी प्रत्येकाला दुरुस्त करायचे. आता नाही करत. आणि सासूबाई? सांज झाली की दारात उभ्या राहून त्या तिला हाक मारतात, “माय, ये गं घरात.”