ट्रक शिकायचाय, पण कुठे?

प्रश्न : वय २३. शेतीवर भागत नाही म्हणून ट्रकचालक व्हायचं ठरवलंय. तालुक्यातली एक ड्रायव्हिंग स्कूल 'पंधरा दिवसांत हेवी लायसन हातात' म्हणते. पैसे भरू का? – एक वाचक, सिन्नर

उत्तर : लगेच भरू नका. आधी तुमचं कारचं लायसन पाहा. ते मिळून एक वर्ष झालं नसेल, तर व्यावसायिक वाहनाचं शिकाऊ लायसन कायद्याने मिळतच नाही. पंधरा दिवसांचं आश्वासन देणारा तुम्हाला गाडी नव्हे, कागद विकतोय.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रात जड वाहनाचा अभ्यासक्रम ३८ तासांचा, सहा आठवड्यांत पुरा करायचा असतो. तिथे सिम्युलेटर आणि स्वतःचा ट्रॅकही लागतो. असं केंद्र जवळ असेल, तर फी जास्त असली तरी तेच निवडा.

नसेल, तर स्कूलचा आरटीओ परवाना मागा आणि अर्धा दिवस तिथे बसा. ट्रक कोणता आहे? प्रशिक्षकाच्या बाजूला ब्रेक-क्लच आहे का? आणि मुख्य म्हणजे, प्रत्येकाच्या हाती स्टिअरिंग किती वेळ येतं? एका ट्रकमध्ये आठजण कोंबले, तर तुम्ही बहुतेक वेळ प्रवासीच असता. भरलेली गाडी घाटात कमी गिअरवर उतरवायला, रिव्हर्समध्ये अरुंद जागी लावायला शिकवतात का, हे आधीच्या विद्यार्थ्यांना विचारा. कसाऱ्याच्या उतारावर नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवली, तर ते तापून निकामी होतात. हे शिक्षण रस्त्यावर पहिल्यांदा घ्यायची वेळ तुमच्यावर येऊ नये.