आधी नजर, मग आकडेमोड

अगं, पोलीस भरतीच्या सराव प्रश्नपत्रिकेत ‘खालीलपैकी सर्वांत मोठा अपूर्णांक कोणता?’ असं दिसलं की तू पुढच्या प्रश्नावर जातेस, हे मला ठाऊक आहे. मराठी व्याकरण होतं, चालू घडामोडी होतात आणि गणित ‘शेवटी बघू’ म्हणून मागे राहतं. गावाकडून शहरात येऊन, खोली करून, औरंगपुऱ्यातून पुस्तकं आणून अभ्यास करणाऱ्या कितीतरी मुली ‘गणित आपलं नाही’ असं आधीच ठरवून टाकतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण अपूर्णांकांची तुलना हा हमखास गुण देणारा भाग आहे आणि तो तुला नक्की जमणार आहे.

लेखी परीक्षा १०० गुणांची, वेळ ९० मिनिटं. म्हणजे एका गुणाच्या प्रश्नाला ५४ सेकंद. चार अपूर्णांक दिसले की तू चारही छेदांचा लसावि काढायला बसतेस आणि दोन-तीन मिनिटं तिथंच जातात. लसावि चुकीचा नाही, तो कधीच दगा देत नाही. पण इथं तुला बेरीज करायची नाही. कोण मोठं, कोण लहान एवढंच ठरवायचंय. म्हणून आधी नजर वापर. आकडेमोड कर ती उरलेल्या दोघांपुरतीच.

पहिली नजर अर्ध्यावर. समज, पर्याय आहेत ५/११, ८/१५, ७/१६ आणि ४/९. प्रत्येक छेदाचं निम्मं मनात धर. ११ चं निम्मं साडेपाच, अंश ५, म्हणजे अर्ध्याहून कमी. १६ चं निम्मं ८, अंश ७, कमी. ९ चं साडेचार, अंश ४, तोही कमी. १५ चं साडेसात आणि अंश ८, हा एकटाच अर्ध्याच्या वर. पेन न उचलता उत्तर मिळालं.

दुसरी नजर एकवर. ७/८, ११/१२, १४/१५ यांत मोठा कोण? प्रत्येकाला पूर्ण एक व्हायला किती कमी पडतं ते बघ: १/८, १/१२ आणि १/१५. एक भाकरी पंधरा जणांत वाटली तर तुकडा सगळ्यांत लहान येणार. म्हणजे १४/१५ ला सगळ्यांत कमी तूट आहे, तोच मोठा. छेद मोठा दिसला म्हणून अपूर्णांक लहान, असं डोळे झाकून म्हणू नकोस. ते फक्त अंश सारखे असताना खरं.

नजरेनं ठरलं नाही, तर तिरकस गुणाकार. ५/७ आणि ८/११ घे. ५ गुणिले ११ म्हणजे ५५, ८ गुणिले ७ म्हणजे ५६. ज्याच्या अंशाचा गुणाकार मोठा, तो अपूर्णांक मोठा, म्हणून ८/११. हे नुसतं पाठ करू नकोस, असं का होतं तेही बघ. दोघांचा छेद ७७ केला की ते ५५/७७ आणि ५६/७७ होतात. समच्छेदच आहे हा, फक्त छेद लिहायचे कष्ट वाचवलेत.

आता दशांश. इथं मुली फसतात त्या आकड्यांच्या लांबीला. ०.७, ०.६५ आणि ०.०८५ यांत ‘पंच्याऐंशी’ मोठं वाटतं, कारण आपण दशांश चिन्हापुढचं साध्या संख्येसारखं वाचतो. त्यापेक्षा शून्यं भरून घर सारखं कर: ०.७००, ०.६५०, ०.०८५. झालं. गारखेड्याच्या क्रीडा संकुलात तू १०० मीटर पळतेस तेव्हा १५.४ सेकंदांपेक्षा १५.३८ ही वेळ चांगली, हे तुला कुणी समजावून सांगावं लागत नाही. १५.४० आणि १५.३८, दोन शतांशांचा फरक. मैदानावर जे कळतं ते कागदावरही कळतंच, फक्त घाई करू नकोस.

दोन्ही प्रकार मिसळून आले तर सगळे दशांशात आण. त्यासाठी अष्टमांश तोंडपाठ हवेत: १/८ म्हणजे ०.१२५, ३/८ म्हणजे ०.३७५, ५/८ म्हणजे ०.६२५, ७/८ म्हणजे ०.८७५. मग ३/५, ०.६२, ५/८, ०.६०५ यांचा चढता क्रम सरळ दिसतो: ३/५, ०.६०५, ०.६२, ५/८. पर्यायांत क्रम दिलेला असेल तर आधी सगळ्यांत लहान शोध. बहुतेक वेळा तेवढ्यानंच दोन पर्याय गळतात. ‘चढता’ की ‘उतरता’ या शब्दाखाली रेघ ओढ. आणि ऋण चिन्ह असेल तर सगळं उलटतं: ०.७ हून ३/४ मोठा, पण -०.७ हून -३/४ लहान.

सरावाला महागडी पुस्तकं लागतातच असं नाही. पावसाळ्यात वर्तमानपत्रात जायकवाडीचे आकडे येतात. धरणाची एकूण क्षमता १०२.७३ टीएमसी, त्यातला जिवंत साठा ७६.६५. हा पाऊण आहे का? १०० चा पाऊण भाग ७५, उरलेल्या २.७३ चा साधारण २.०५, मिळून ७७.०५. म्हणजे जिवंत साठा पाऊण भागाहून थोडासा कमी. बातमी वाचता वाचता एक गणित झालं.

आता हे तू सोडव: ५/६, ०.८, ७/९, ०.८५. सर्वांत मोठा कोणता, सर्वांत लहान कोणता? मला नुसतं उत्तर नको सांगूस. कुठला आकडा आधी बाजूला काढलास आणि का, ते सांग. कारण सांगता आलं की परीक्षेत आकडे बदलून आले तरी तुझं काही अडणार नाही. रोज असे पाच प्रश्न कर, आणि गणित शेवटी नाही, सकाळी डोकं ताजं असताना घे.