यादीचें आवरण आणि त्याचीं वचनें

संगणकास आज्ञा देण्याच्या ज्या अनेक भाषा आज प्रचलित आहेत, त्यांत पायथन ही विद्यार्थ्यांच्या विशेष परिचयाची आहे. गुइडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनीं ती १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध केली. अनेक वस्तु क्रमानें ठेवण्यासाठीं तींत 'लिस्ट' म्हणजे यादी असते. यादीची लांबी विचारावी, अमुक क्रमांकाची वस्तु मागावी, फेरा घालून एकेक वस्तु पाहावी. सर्वांस ती उत्तर देते.

मग अशी यादी तयार असतां निराळा प्रकार करण्याचें प्रयोजन काय? उदाहरणार्थ, एका परीक्षेचे गुण आम्हांस नेहमीं चढत्या क्रमानें ठेवावयाचे आहेत. साधी यादी ही हमी देत नाहीं. कोणीं शेवटीं १२ हा अंक जोडला, कीं क्रम मोडला. म्हणून आम्ही 'गुणपट' नांवाचा प्रकार करितों. खरी यादी त्याच्या पोटांत राहते, आणि गुणपट हें तिचें आवरण होय. नवा गुण आला, कीं त्यास योग्य जागीं बसविण्याचें काम हें आवरण करितें.

परंतु आंतील यादी झांकली, म्हणजे तिच्या सोयीहि झांकल्या जातात. गुणपटाची लांबी विचारली, तर पायथन चूक दाखविते. यावर पुष्कळांस सुचणारा उपाय म्हणजे गुणपटास यादीचाच वारस करणें. तो सोपा खरा, पण घातक आहे. त्या वारशांत शेवटीं वस्तु जोडणारी 'अपेंड' ही क्रियाहि येते, आणि ज्या क्रमासाठीं एवढा खटाटोप केला, तोच धोक्यांत येतो.

याहून चांगला मार्ग २००८ सालच्या आवृत्त्यांपासून उपलब्ध आहे. 'सीक्वेन्स' नांवाचा एक नमुना पायथनमध्यें आहे. तो एक करारच समजावा. गुणपटाच्या व्याख्येंत त्या नमुन्याचें नांव लिहिणें म्हणजे करारावर सही करणें. सही करणाऱ्यानें दोनच प्रश्नांचीं उत्तरें स्वतः लिहावयाचीं: लांबी किती, आणि अमुक क्रमांकावर काय आहे. दोन्ही प्रश्न आंतील यादीकडे सोपविले, म्हणजे झालें. मग फेरा घालणें, उलट फेरा घालणें, वस्तु आहे कीं नाहीं तें सांगणें, तिचा क्रमांक शोधणें आणि ती किती वेळां आली तें मोजणें, हीं पांच कामें नमुना आयतीं करून देतो. बदल करण्याच्या क्रिया मात्र त्यांत नाहींत.

तथापि तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, क्रमांक मर्यादेबाहेर गेल्यास 'इंडेक्स एरर' ही चूक दाखविलीच पाहिजे. नमुन्याचा फेरा शून्यापासून एकेक क्रमांक मागत जातो आणि ती चूक येतांच थांबतो; तिच्या जागीं "कांहीं नाहीं" असें उत्तर दिलें, तर फेरा कधींच संपणार नाहीं. दुसरी, गुणपटाचा एखादा तुकडा मागितल्यास आंतील यादी साधी यादीच परत देते. तीस पुनः आवरण घालून द्यावें. तिसरी, दोन गुणपट समान आहेत काय, हें नमुना ठरवीत नाहीं. तें आपणच लिहावें.

आयतें मिळालेलें काम सर्वोत्तम असतेंच असें नाहीं. १,००० गुणांत नसलेला गुण शोधतांना नमुना सर्व १,००० गुण तपासतो. परंतु गुण क्रमानें असल्यामुळें दर वेळीं निम्मा भाग सोडीत गेल्यास सुमारें १० तुलनांत उत्तर मिळतें. म्हणून तेवढी क्रिया नव्यानें लिहिणें हितावह होय.

'म्यूटेबल सीक्वेन्स' नांवाचा याहून मोठा करारहि आहे. त्यावर सही केल्यास वस्तु बदलण्याच्या क्रिया मिळतात. गुणपटानें ती सही करूं नये. कोणत्याहि जागीं कोणतीहि वस्तु ठेवूं देण्याचें वचन आणि क्रम राखण्याचें वचन, हीं दोन्ही एकदम पाळतां येत नाहींत. पाळतां येईल तेवढेंच वचन द्यावें, आणि दिलेलें पूर्णपणें पाळावें, हेंच या धड्याचें सार.

विद्यार्थ्यांनीं हा गुणपट स्वतः लिहून त्याची परीक्षा घ्यावी. रिकाम्या गुणपटावर फेरा घालावा; लांबीइतकाच क्रमांक मागून चूक येते कीं नाहीं तें पाहावें; आणि एक तुकडा काढून तो गुणपटच आहे, याची खात्री करून घ्यावी.