आपले मासिक आपणच काढू या



तुमच्या हातातले हे वार्तापत्र कोणत्याही छापखान्यात छापलेले नाही. लिहिणारे आपण, झेरॉक्स काढणारे आपण, स्टेपल मारणारे आपण आणि वाचणारेही आपणच. अशा घरगुती मासिकांना मोठा इतिहास आहे. तो अमेरिकेतही आहे आणि महाराष्ट्रातही. या धड्यात आपण दोन्हींची ओळख करून घेऊ.

फॅनझीन म्हणजे काय?

'फॅन' म्हणजे चाहता आणि 'मॅगझीन' म्हणजे मासिक. हे दोन शब्द जोडून लुई रसेल शोव्हने या अमेरिकन चाहत्याने १९४० मध्ये 'फॅनझीन' हा शब्द तयार केला. पण अशी मासिके त्याच्या आधीपासूनच निघत होती.

१९२६ मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' हे विज्ञानकथांचे मासिक अमेरिकेत सुरू झाले. त्यात वाचकांची पत्रे छापली जात आणि पत्राखाली लिहिणाऱ्याचा पत्ताही असे. त्यामुळे वाचक एकमेकांना पत्रे लिहू लागले. त्यांची मंडळे तयार झाली. मे १९३० मध्ये अशाच एका मंडळाने 'द कॉमेट' नावाचा अंक काढला. तो पहिला फॅनझीन मानला जातो.

क्लीव्हलंडचे दोन मित्र

ओहायो राज्यातील क्लीव्हलंड शहरात ग्लेनव्हिल हायस्कूलमध्ये जेरी सीगल आणि जो शुस्टर हे दोन मित्र शिकत होते. दोघांचेही आईवडील युरोपातून आलेले ज्यू होते. म्हणजे आपल्यासारखीच ही दुसऱ्या देशातून आलेल्या घरांतली मुले. जेरीला लिहिण्याचा नाद होता आणि जोला चित्रे काढण्याचा.

१९३२ मध्ये त्यांनी 'सायन्स फिक्शन' नावाचे स्वतःचे मासिक सुरू केले. त्याचे जेमतेम पाच अंक निघाले. जानेवारी १९३३ च्या अंकात जेरीने टोपणनावाने एक गोष्ट लिहिली आणि जोने तिला चित्रे काढली. त्या गोष्टीत 'सुपरमॅन' नावाचा एक माणूस होता. होय, तोच शब्द! पण हा सुपरमॅन टकला होता आणि चक्क दुष्ट होता. पुढे दोघांनी तो बदलला, त्याला चांगला केला आणि पाच वर्षांनी, १९३८ मध्ये, 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात तो साऱ्या जगापुढे आला. मधल्या काळात अनेकांनी त्याला नकार दिला होता. घरगुती मासिकात मात्र नकार देणारे कोणी नव्हते. म्हणून तो तेथे आधी जन्मला.

नकला कशा काढत?

त्या काळी झेरॉक्स नव्हते. मेणाचा थर दिलेल्या पातळ कागदावर फीत काढलेल्या टंकलेखन यंत्राने अक्षरे उमटवत. जेथे अक्षर पडे तेथले मेण निघून जाई. हा कागद शाईच्या रुळावर चढवून हँडल फिरवले की मेण निघालेल्या जागेतून शाई खालच्या कागदावर उतरे. यालाच आपल्याकडे 'सायक्लोस्टाइल' म्हणत. शाळेच्या परीक्षेचे पेपर याच पद्धतीने निघाल्याचे आईबाबांना किंवा आजीआजोबांना आठवत असेल. जरूर विचारा.

झेरॉक्सची पहिली नक्कल चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात काढली. त्या नकलेवर त्यांनी फक्त तारीख आणि 'अस्टोरिया' एवढेच लिहिले होते. कचेऱ्यांत वापरता येईल असे सोपे यंत्र मात्र १९५९ मध्ये आले.

या मासिकांची एक रीत आम्हांला फार आवडते. अंक हवा असेल तर पैसेच पाठवायला हवेत असे नव्हते. अंकाबद्दल पत्र लिहा, स्वतःचा अंक बदल्यात पाठवा किंवा पुढच्या अंकासाठी काही लिहून द्या, की अंक मिळे. त्यामुळे वाचणारा हळूहळू लिहिणारा होत असे.

आणि आपल्या महाराष्ट्रात?

महाराष्ट्रातील कितीतरी शाळांत 'हस्तलिखित' काढण्याची प्रथा होती. मुले सुवाच्य अक्षरात गोष्टी, कविता, कोडी लिहीत आणि चित्रे काढत. सगळ्या अंकाची एकच प्रत असे आणि ती वर्गात हातोहात फिरे.

१९५० नंतरच्या दशकात मुंबईच्या काही तरुणांनी यापुढचे पाऊल टाकले. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी 'शब्द' नावाचे छोटे मासिक सायक्लोस्टाइलवर काढले. दिलीप चित्रे तेव्हा अगदीच तरुण होते. मोठी मासिके आपली नव्या तऱ्हेची कविता छापतील याची वाट पाहत बसायचे नाही, असे त्यांनी ठरवले. पुढे १९६० नंतर अशोक शहाणे यांचे 'असो', भालचंद्र नेमाडे यांचे 'वाचा' अशी अनेक मासिके निघाली. पैसे जमले की अंक निघे, म्हणून त्यांना गमतीने 'अनियतकालिके' म्हणू लागले. नामदेव ढसाळ हे मुंबईत टॅक्सी चालवणारे कवीही याच काळात पुढे आले. त्यांनी आपल्या वस्तीतली भाषा कवितेत आणली. पुस्तकी मराठीत ती बसत नव्हती, पण आज त्यांच्या कवितांशिवाय मराठी कवितेचा इतिहास लिहिता येत नाही.

कोलटकर मराठीत लिहीत आणि इंग्रजीतही. मुंबईच्या रस्त्यावरची हिंदीमिश्रित बोलीही त्यांनी कवितेत वापरली. त्यांच्या 'भिजकी वही' या संग्रहाला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नेमाडे यांना २०१४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. सुरुवात मात्र छोट्या अंकांपासूनच झाली होती.

हे सारे तुम्हांला का सांगितले?

वार्तापत्रासाठी लिहून द्या म्हटले की आमच्या वर्गातील बरीच मुले म्हणतात, "माझे मराठी चुकेल." घरी हीच मुले आजीशी फोनवर पोटभर बोलतात. मग कागदावरच भीती का? ऱ्हस्व-दीर्घ आपण पुढे दुरुस्त करू, ते शिकवायला आम्ही आहोतच. पण तुम्ही लिहिलेच नाही तर दुरुस्त काय करायचे? अमेरिकेत वाढणाऱ्या मुलाचे मराठी कसे असते, हे तुमच्याशिवाय दुसरे कोणीच लिहू शकणार नाही. वाक्यात एखादा इंग्रजी शब्द आला तर येऊ द्या.

कृती : एका कागदाची आठ पानांची पुस्तिका

१. कागद तीन वेळा निम्मा दुमडा आणि उघडा. आठ चौकोन दिसतील.
२. आता कागद आडवा धरून डावी कड उजव्या कडेवर आणा व दुमडा. दुमडलेल्या बाजूने मधल्या आडव्या रेषेवर एकच चौकोन कापा.
३. कागद उघडा. मधोमध चीर दिसेल. आता तो लांबीच्या रेषेवर दुमडा आणि दोन्ही टोके एकमेकांकडे ढकला. चीर उघडून अधिक चिन्ह तयार होईल. ते मिटले की पुस्तिका झाली.
४. पानांवर क्रमांक घाला, लिहा, चित्रे काढा. कागद उलगडून झेरॉक्स काढा.

शब्दार्थ

नक्कल – मुळासारखी दुसरी प्रत
टोपणनाव – लिहिण्यासाठी घेतलेले दुसरे नाव
सुवाच्य – सहज वाचता येणारे
नियतकालिक – ठरलेल्या वेळी निघणारे
अनियतकालिक – निघेल तेव्हा निघणारे

स्वाध्याय

१. पहिल्या गोष्टीतला सुपरमॅन नंतरच्या सुपरमॅनपेक्षा कसा वेगळा होता?
२. पैसे न देता फॅनझीन कसा मिळवता येई? तीन मार्ग लिहा.
३. घरातील मोठ्यांना त्यांच्या शाळेतील हस्तलिखिताविषयी विचारा आणि पाच वाक्ये लिहा.

पालकांसाठी : मुलांनी लिहिलेले कृपया घरी पुन्हा लिहून देऊ नका. पुढच्या वर्गाला येताना पुस्तिका जशी असेल तशी पाठवा. सगळ्यांच्या पुस्तिका आम्ही अदलाबदल करून वाचायला देणार आहोत. ज्याला जी मिळेल, त्याने ती वाचून लिहिणाऱ्याला दोन ओळींचे पत्र लिहायचे आहे, तेही मराठीतच!