मानपाड्याला की मानपाडाला?

ठाणे जिल्ह्यात मानपाडा नावाची दोन ठिकाणे आहेत. एक ठाणे शहरात घोडबंदर रस्त्यावर, दुसरे डोंबिवली पूर्वेला. समजा, तुम्ही रिक्षात बसलात आणि रिक्षावाल्याने विचारले, "कुठे जायचे?" तर तुम्ही काय सांगाल? 'मानपाड्याला' की 'मानपाडाला'?

घाई करू नका. मराठीत नामाला प्रत्यय लागण्याआधी नामाचे रूप बदलते. या बदललेल्या रूपाला सामान्यरूप म्हणतात. घोडा, पण घोड्याला. शाळा, पण शाळेला. दोन्ही शब्द आकारान्त, तरी बदल निराळा; कारण घोडा पुल्लिंगी आणि शाळा स्त्रीलिंगी. 'पाडा' म्हणजे छोटी वस्ती. तो घोड्यासारखाच चालतो: पाड्याला, पाड्यात. म्हणजे नियमाने 'मानपाड्याला'.

गंमत अशी, की हा बदल शेजारच्या विशेषणालाही सोडत नाही. मोठा पाडा, मोठी शाळा, मोठे घर. पण मोठ्या पाड्यात, मोठ्या शाळेत, मोठ्या घरात. प्रत्यय लागताच विशेषणातला लिंगभेद पुसला गेला!

थायलंडमधल्या मुलांना ही डोकेदुखी नाही. थाई भाषेत 'देक' म्हणजे मूल. एक असो वा दहा, देकच. नामाला व्याकरणातले लिंग नाही, विभक्तीचे प्रत्यय नाहीत, म्हणून सामान्यरूपही नाही. मग थाई सोपी म्हणायची? छे! मोजायला लागा म्हणजे कळेल. 'दोन मुले' हे तेथे 'देक सोंग खोन' असे होते, म्हणजे 'मूल दोन माणूस'. आधी नाम, मग संख्या, मग मोजणीचा शब्द. माणसांसाठी 'खोन', पुस्तकांसाठी 'लेम'. पण सुरी आणि मेणबत्तीही 'लेम'नेच मोजतात. जनावरांसाठी 'तुआ'. या शब्दाचा मूळ अर्थ शरीर. टेबल, खुर्ची आणि सदराही 'तुआ'च! टेबलाला पाय असतात हे खरे, सदऱ्याला निदान बाह्या तरी असतात.

आपल्याकडे याची पुसट खूण आहे. 'चार जण आले' असे आपण म्हणतो, 'चार जण गाई' असे म्हणत नाही.

आता परत मानपाड्याकडे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण 1836 साली छापले गेले, मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 साली. पण व्याकरणातला नियम सगळ्याच शब्दांना लागू पडत नाही. काका, मामा, दादा यांना आपण काकाला, मामाला, दादाला म्हणतो. 'काक्याला' म्हणून पाहा, घरी काय होते ते! गावांच्या नावांचेही तसेच. 'देशाला' म्हणतो, पण 'कल्याणाला जातो' असे सहसा म्हणत नाही, 'कल्याणला' म्हणतो. 'मानपाडाला' म्हणणारा माणूस कदाचित हेच करीत असेल. त्याला त्या नावात पाडा दिसतच नाही. पाटीवर वाचलेले एक अखंड नाव दिसते. परीक्षेत तुम्ही 'मानपाड्याला' लिहा, मलाही तेच गोड वाटते. पण दुसऱ्याला अडाणी ठरवण्याआधी एक प्रयोग करा.

वही घेऊन बसथांब्यावर अर्धा तास उभे राहा. कोण 'मानपाड्याला' म्हणतो, कोण 'मानपाडाला', ते दोन रकान्यांत टिपा. शेजारी अंदाजे वय लिहा. निदान पन्नास नोंदी झाल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. आणि आपण कान टवकारून ऐकतो आहोत हे बोलणाऱ्याला कळू देऊ नका, नाहीतर तो जपून बोलेल. जमल्यास तिसरा रकानाही आखा. वर मी 'रिक्षात' लिहिले आहे. कितीजण 'रिक्षेत' म्हणतात?